मूल सुधारलं की यादीतून गळलं?

मे २०२४ मधल्या पुण्याच्या पोर्शे अपघातात दोघांचा जीव गेला. अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. याला पुनर्स्थापक न्याय म्हणत नाहीत. त्यात पीडित समोर बसतो, नुकसान बोललं जातं, भरपाई सगळे मिळून ठरवतात.

मग अशी खरी बैठक झाली तर मुलं पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाहीत का? २०१३ च्या कोक्रेन आढाव्याला निकषात बसणारे प्रयोग सापडले फक्त चार, मुलं १,४४७. कोर्टाच्या नेहमीच्या वाटेशी तुलना केली तर पुन्हा अटक होण्यात ठळक फरक नाही. आढावा प्रामाणिक आहे. माझा आक्षेप 'पुन्हा अटक' या मोजपट्टीवर आहे.

समजा, हाच अभ्यास आपण बीडमध्ये केला. दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणीतल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं; माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. मुलगा फडात, बीडच्या पोलीस नोंदीत त्याचं नाव नाही, म्हणून आपण 'सुधारला' लिहायचं? त्यात कोर्टाच्या तारखांमुळे एका गटातली मुलं गावी राहिली आणि दुसऱ्यातली तोडीला गेली, तर दिसणारा फरक न्यायपद्धतीचा नसून स्थलांतराचा असेल.

म्हणून आराखड्यातच ठरवा: पाठपुरावा उन्हाळ्यात, माणसं परतल्यावर. गळालेल्यांचा आकडा गटवार, वेगळा. आणि पीडिताला एक साधा प्रश्न: ठरलं होतं ते मिळालं का? तो न विचारता पी-व्हॅल्यू कितीही चांगली आली, तरी निष्कर्ष अर्धाच.