गळाचे साहित्य : एक समीक्षा

साहित्य ह्या शब्दाइतका फसवा शब्द मराठीत दुसरा नसेल. ‘साहित्य’ म्हटलं की प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर ज्ञानेश्वरीपासून नवकथेपर्यंतची रांग उभी राहते. भटजींच्या डोळ्यांसमोर हळद, कुंकू, पाच सुपाऱ्या आणि सुटे पैसे उभे राहतात. स्वयंपाकघरात हाच शब्द ‘दोन वाट्या रवा, एक वाटी साखर’ एवढं सांगून थांबतो. पहिल्या प्रकारच्या साहित्यासाठी समीक्षकांचे ताफेच्या ताफे सज्ज आहेत. दुसऱ्याचे समीक्षक खुद्द भटजी. ते एका किडक्या सुपारीवरून अख्ख्या यजमानाची समीक्षा करतात. तिसऱ्याची समीक्षा जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटते आणि तिचे परिणाम रात्रीच्या जेवणात दिसतात. राहता राहिलं ते गळाने मासे धरण्याचं साहित्य. त्याच्याकडे आपल्या समीक्षेने साफ काणाडोळा केला आहे. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

प्रस्तुत समीक्षकाचा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी हडपसरात राहतो आणि आजवर एकही मासा धरलेला नाही. म्हणजे समीक्षकाला लागणारी अलिप्तता माझ्याजवळ भरपूर आहे.

परीक्षणासाठी आलेल्या कलाकृती दोन. आमचा एक भाचा टेक्सासमध्ये असतो. तिथे तो आठवडाभर संगणकासमोर बसतो आणि रविवारी तळ्यासमोर. त्याने येताना दोन पाकिटं आणली. एकात ‘जिग’ आणि दुसऱ्यात प्लास्टिकचं गांडूळ. “मामा, बासला दोन्ही चालतात. पण आधी कुठलं टाकायचं, ह्यावरून आमच्याकडे मित्रामित्रांत अबोला धरतात,” तो म्हणाला. स्वयंपाकघरातून आवाज आला, “बास! आता जेवायला चला.” बास हा मासा मुळात उत्तर अमेरिकेचा, पण मराठी घरात त्याचं नाव दिवसातून दहा वेळा घेतलं जातं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसणार. हडपसरात बास नाही, हे मी भाच्याला सांगितलं. मगरपट्ट्यात मगर तरी कुठे आहे, असं त्याने उलट विचारलं. मगर हे आडनाव आहे, हे त्याला समजावण्यात वरणभात निवला.

असो. आता कृतीकडे वळू.

जिग म्हणजे गळाच्या मानेशी ओतलेलं शिशाचं डोकं, त्याखाली रबरी झिरमिळ्यांचा घागरा आणि पाणवनस्पतीत गळ अडकू नये म्हणून पुढे ताठ केसांची एक कुंची. वजन साधारण दहा ते चौदा ग्रॅम. पाण्यात टाकली की ही बाई तडक तळाशी जाते आणि दोरीला हिसका दिला की घागरा फुलवून टुणकन उडी मारते. माशाला वाटतं, चिंगाटीच्या जातीतलं काहीतरी दगडाआडून निघालं आहे. बास हा दबा धरून बसणारा मासा. समोरून घास निघाला की तो विचार करत बसत नाही. पाणी थंड असेल, बुडालेली झाडं, फांद्या, दाट शेवाळ असा अडचणीचा पसारा असेल, मासा तळाशी सुस्तावून पडला असेल, तर जिग उत्तम. थोडक्यात, जिगची शैली ठसकेबाज आहे, आशय जड आहे आणि ती वाचकाच्या घरात शिरून त्याला उठवते.

प्लास्टिकच्या गांडुळाची रीत अगदी उलट. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने १९४९ साली हे मऊ गांडूळ घडवलं. पातळ प्लास्टिक साच्यात ओतलं, निवलं की गांडूळ तयार. पुढे तो टेक्सासला गेला आणि त्याच्या गांडुळाने तिथली तळी जिंकली. ह्याला गळावर चढवायची एक खास टेक्सासी पद्धत आहे. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन आणि गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवलेलं. मग ते पाणवनस्पतीतून बिनबोभाट सरकतं. हे उड्या मारत नाही. नुसतं पडून राहतं, हळूच थरथरतं. पाणी कोमट आणि नितळ असेल, मासे रोजच्या गळांना सरावून शहाणे झाले असतील, तेव्हा हे काम करतं. ही संयत शैली. वाचक कंटाळून स्वतःच जवळ येतो आणि अडकतो.

समीक्षक म्हणून माझा आक्षेप गांडुळाच्या वास्तववादावर आहे. पाकिटातलं गांडूळ जांभळं आहे, अंगावर चमकी आहे. दुसरं भोपळ्याच्या सालीसारखं हिरवं. तिसरं काळं, शेपटी निळी. शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण ज्याची ओळख करून घेतली, तो हा नव्हे. आमच्या सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यात ह्याला सोडलं तर बाकीची गांडुळं सभा बोलावतील. भाचा म्हणतो, गढूळ पाण्यात काळा-निळा रंग उठून दिसतो आणि नितळ पाण्यात मातकट हिरवा शोभतो. शिवाय काही गांडुळांच्या अंगात मीठ मिसळलेलं असतं, म्हणजे तोंडात धरल्यावर मासा ते चटकन थुंकत नाही. इथे मात्र मी कर्त्याला दाद देतो. वाचकाने पुस्तक खाली ठेवू नये म्हणून त्यात मीठ घालावं लागतं, हे आमच्या कित्येक लेखकांना साठी उलटली तरी कळत नाही.

वाद इथेच संपायला हवा होता : थंड पाणी आणि अडचण असेल तर जिग, कोमट पाणी आणि शहाणा मासा असेल तर गांडूळ. पण जिगचं पाकीट नीट वाचलं तर तळाशी एक सूचना सापडते. जिगच्या मागे प्लास्टिकचं शेपूट जोडावं! म्हणजे ज्यांनी एकमेकांची तोंडं पाहायची नाहीत असं ठरवलं, ते दोन संप्रदाय एकाच गळावर संसार करताहेत. मराठी समीक्षेत कलावाद आणि जीवनवाद ह्यांचं भांडण इतकी वर्षं चाललं, त्यात ही सूचना कुणीतरी वेळेवर वाचायला हवी होती.

आणखी एक गंमत. बासच्या वजनाचा विक्रम १९३२ सालचा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने दहा किलोंच्या किंचित वर भरणारा मासा धरला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता ह्यांनी त्याची बरोबरी केली. वजन थोडं जास्तच होतं, पण नियमाला पुरेल इतकं जास्त नव्हतं. आता, पेरीच्या गळाला होता लाकडी मासा आणि कुरितांच्या गळाला जिवंत छोटा मासा. जिग नाही आणि प्लास्टिकचं गांडूळही नाही. वाङ्मयीन पारितोषिकांचं असंच असतं. दोन गटांत वर्षभर हाणामारी होते आणि पारितोषिक तिसऱ्यालाच मिळतं.

ह्या विषयात आपली परंपरा नाही असं मात्र कुणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या शिवेवरचंच. त्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. इथे विनोद म्हणजे मनोरंजन. विनोदी लेखक ह्या शब्दाने हुरळून जातात म्हणून सांगितलं. त्यात माशांच्या जाती दिल्या आहेत, गळ, दोरी आणि काठी कशी असावी हे सांगितलं आहे आणि कुठल्या माशाला काय खाऊ घालावं ह्याचाही विचार आहे. गळ टाकण्याआधी एका जागी माशांना चारा घालून त्यांना तिथली सवय लावावी, हेही आहे. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली ह्या प्रकरणावर लेख लिहून ते उजेडात आणलं. राजेसाहेबांची समीक्षादृष्टी मला भाच्याच्या मित्रांपेक्षा सरस वाटते. भाच्याचे मित्र विचारतात, ‘कुठलं आमिष चांगलं?’ राजा विचारतो, ‘मासा कुठला?’ आधी वाचक, मग साहित्य.

आमच्या हडपसरातही हाच विचार जिवंत आहे. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा आमच्या गावातून दौंड-इंदापूरकडे जातो. कालव्याला पाणी सुटलं की कडेला एखादा गळवाला दिसतोच. वेळूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा, एका डबीत गांडुळं आणि दुसऱ्या डबीत तेलाचा हात लावून मळलेली कणीक. अशाच एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर मी दोन्ही पाकिटं ठेवली.

“बाबा, ह्यातलं चांगलं कुठलं?”

त्यांनी जिग उलटीसुलटी करून पाहिली. “चांगलीये की. नातीच्या भावलीला व्हईल.” मग जांभळं गांडूळ ताणून सोडून पाहिलं. “आन् ह्ये रबार कशाला? शिंगटीला गांडूळ लागतं, खरं. रोहूला कणीक. चिलापी काय, दोन्हीबी खाती. मरळीला बेडूक पायजे, हालता.”

“आणि आज काय लागलंय?”

“आज व्हय?” त्यांनी पाण्याकडे पाहिलं. “आज सकाळधरनं पिशव्या लागत्यात.”

बोलता बोलता त्यांनी एक काळी पिशवी गळावरून सोडवली आणि नीट घडी करून बाजूला ठेवली. तिच्याखाली आधीच्या चार होत्या.

ह्या एका वाक्याने माझ्या समीक्षेचा सगळा डोलारा डुगडुगला. आपण आमिषाची चर्चा करतो, गळाच्या टोकाची करतो, रंगाची करतो. पाण्याची करत नाही.

वास्तविक मुळा-मुठेचं पाणी हे मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने तीर्थक्षेत्र. एकोणिसाव्या शतकात साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनची माहिती गोळा करत हिंडला. त्याने इथल्या माशांना १८३९ साली शास्त्रीय नावं दिली आणि नावं देताना इथल्या माणसांच्या तोंडचेच शब्द उचलले. आपली शिंगटी त्या यादीत आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांना ती लॅटिन पोशाखात ‘सीङटी’ म्हणूनच ओळखावी लागते. त्याच यादीत ‘खुद्री’ आहे, म्हणजे दख्खनचा महाशीर. गळवाल्यांच्या जगात महाशीराला राजाचा मान. तो साइक्सने नोंदला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. पुण्याच्या पूर्वेला म्हणजे कुठे? आमच्याकडे! मुंढवा, हडपसर, मांजरी ह्याच अंगाला.

आज मुंढव्याच्या पुलावर उभं राहिलं तर खाली हिरवंगार मैदान दिसतं. त्यावर क्रिकेट खेळता येईल असं वाटतं. ती जलपर्णी. तिच्याखाली शहराने सकाळी आंघोळ करून सोडलेलं पाणी. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे असे लोट उठले की त्यांची चित्रफीत देशभर फिरली. साइक्सच्या यादीत आमच्या भागाने घातलेली भर ती एवढीच.

खुद्री मेली असं मात्र नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून तिची पैदास केली आणि लाखो पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. त्यातली काही पार कावेरीत पोचली आणि तिथे इतकी फोफावली की कावेरीच्या मूळच्या महाशीराला जागा उरेना, अशी तिथल्या अभ्यासकांची तक्रार आहे. पुण्याचा मासा परमुलखात जाऊन तिथल्यांना शिकवतो आहे, हे स्वभावाला धरूनच झालं. दुःख इतकंच की घरी परतायला त्याला घर नाही.

तेव्हा निवाडा. जिगमध्ये शिसं आहे. शिशाची छोटी वजनं गिळून राजहंस मरू लागले तेव्हा ब्रिटनने १९८७ साली गळाच्या अशा वजनांवर बंदी घातली. प्लास्टिकचं गांडूळ तुटून पाण्यात राहिलं तर कुजत नाही आणि माशाच्या पोटात गेलं तर पचत नाही. आमच्या पाण्याला शिसं आणि प्लास्टिक ह्यांचा तुटवडा कधीच नव्हता, त्यामुळे टेक्सासहून आयात करण्याची गरज नाही. शैली म्हणून जिगला दहापैकी सात गुण, गांडुळाला साडेसात. अर्धा गुण मिठाचा. कणकेच्या गोळीला आठ, कारण मासा लागला नाही तरी ती कुणाच्या अंगाशी येत नाही. सोमेश्वराला नऊ. राजाला दहा दिले तर समीक्षक लाचार ठरतो.

आणि गळावर लागलेल्या पिशव्या घडी घालून बाजूला ठेवणाऱ्या त्या बाबांना गुण देण्याचा अधिकार माझा नाही. त्यांच्यासारखे हजारभर गळवाले नदीकाठी बसले आणि त्यांच्यामागे नळ सोडणारे आपण सगळे, तर एखाद्या वर्षी खुद्री मुंढव्यापर्यंत येईलही. मग जिग की गांडूळ हा प्रश्न तिलाच विचारावा. ती दोन्हींकडे पाठ फिरवून कालच्या पोळीचा तुकडा मागेल, असा माझा अंदाज आहे.