कर्णधाराला एवढं दिसतंच कसं?

१९९८ साली ‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’ हा संगणकावरचा खेळ आला तेव्हा त्याची गंमत साधी होती: बॅट तुमच्या हातात नाही, निर्णय मात्र सगळे तुमचे. कौंटीचा संघ घ्यायचा, करार करायचे, फिल्डिंग लावायची आणि मग आपलेच लोक आपला डाव कसा बुडवतात ते बघत बसायचं. पुढे नावातलं ‘इंटरनॅशनल’ गळलं आणि भारतातलं देशांतर्गत क्रिकेटही त्यात आलं. तोडीस तोड प्रतिस्पर्धी मात्र फारसा उभा राहिला नाही, म्हणून चाहत्यांच्या सगळ्या अपेक्षांचं ओझं या एकाच खेळावर.

त्यांची पहिली मागणी ठरलेली, ग्राफिक्स सुधारा. तक्रार खरी आहे, पण मला दुय्यम वाटते. षटकंच्या षटकं झटपट पुढे ढकलून मोसम उरकणाऱ्याला (आणि आपण बहुतेक तेच करतो) क्षेत्ररक्षक किती ऐटीत सूर मारतो याच्याशी काय देणंघेणं?

खरी खोट अशी की इथे कर्णधाराला फार दिसतं. फॉर्मची पट्टी, तंदुरुस्तीची पट्टी, फलंदाज किती स्थिरावलाय त्याचीही पट्टी. प्रत्यक्षात असं नसतं. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच ठरलं होतं. जानेवारीत सिडनीला पाठीनं दगा दिला होता. मग तीन कुठल्या? तो हेडिंग्ली, लॉर्ड्स आणि ओल्ड ट्रॅफर्डला खेळला. भारत जिंकला एजबॅस्टन आणि ओव्हलला, म्हणजे नेमका तो नसताना. ओव्हलला तर अवघ्या ६ धावांनी. संगणकावर हा पेच उरतच नाही: पट्टी उतरली की बसवा, भरली की खेळवा. माणसाच्या पाठीला पट्टी नसते. फिजिओ ‘थांबवा’ म्हणेल, मालिका ‘खेळवा’ म्हणेल आणि फिजिओचाही अंदाज चुकेल, असा खेळ हवा.

खेळपट्टीचंही तेच. यजमानाला हवी तशी खेळपट्टी मागता यावी, ही मागणी रास्त आहे. पण मागितली तशीच मिळाली तर मजा गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूची कसोटी हरल्यावर भारताला गहुंजेत कोरडी, फिरकीला साथ देणारी खेळपट्टी मिळाली. तिच्यावर प्रतिस्पर्धी फिरकीपटू मिचेल सँटनरनं १३ बळी घेतले आणि भारतानं बारा वर्षांनी घरची कसोटी मालिका घालवली. क्युरेटरचा हात, ऊन, समोरच्याचा फिरकीपटू, यांतलं काहीतरी अंगाशी येण्याची धाकधूक पडद्यावर कुठे आहे?

नव्या खेळाडूंबाबत मात्र चाहते अचूक बोट ठेवतात. निवृत्तांच्या जागी यंत्रानं घडवलेली पोरं येतात, ना मैदान, ना क्लब, ना गुरू. मुंबईचा फलंदाज कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर तावूनसुलाखून निघतो. तिथल्या २५ धावा आकड्यात किरकोळ, पण ज्यानं बघितल्या त्याला कळतात. अशा धावा आणि खाली एखाद्या जुन्या प्रशिक्षकाचा शेरा, ‘पोरगा खडूस आहे’. एवढ्यावर निवड करायला लावा की! लिलावालाही हाच न्याय. समोरचा मालक खरंच खेळाडू घ्यायला बसलाय की नुसता भाव चढवतोय, हे कळता कामा नये.

महिला क्रिकेटची मागणी तर टाळण्याजोगी राहिलेलीच नाही. ‘फुटबॉल मॅनेजर’ या अशाच खेळानं नोव्हेंबर २०२५ मध्ये महिलांचं फुटबॉल आणलं. त्याच महिन्यात हरमनप्रीतच्या संघानं नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्याची मानकरी शेफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य फेरीच्या तोंडावर तिला बोलावलं. तिनं ८७ धावा केल्या, वर दोन बळीही घेतले, आणि तिच्या गोलंदाजीची पट्टी बघून कुणी तिच्या हाती चेंडू दिला नसता.