बांधणीत हरवलेलं अनियतकालिक

काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात मी साठोत्तरी अनियतकालिकांचे अंक मागितले. समोर आला तो कापडी पाठीचा एक जाडजूड खंड. बांधणाऱ्याने मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकल्या होत्या, निरनिराळ्या आकारांचे अंक एका मापात कापले होते. कविता शाबूत होत्या. पण हाती होतं ते अनियतकालिक नव्हे, कवितासंग्रह होता.

फरक वरवरचा नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५४मध्ये 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून. पुढे 'असो', 'फक्त', 'येरू', 'वाचा' आली. छापखाना परवडत नाही, संपादकाची मर्जी नको, ही भूमिका त्या कागदातच होती. तो कागद गेला की समीक्षक नुसत्या 'बंडखोर जाणिवे'बद्दल बोलू लागतो. आपल्याकडे तेच झालं आहे.

१९६९मध्ये राजा ढाले आणि मित्रांनी 'सत्यकथे'चे अंक जाळले. गंमत अशी, की जाळलेलं मासिक आज बांधील खंडांत सहज मिळतं. जाळणाऱ्यांची पानं शोधावी लागतात. मासिकाला वर्गणीदार होते, कचेरी होती. अनियतकालिक हातोहात जायचं आणि रद्दीतही.

अंजली नेर्लेकर यांचं 'बॉम्बे मॉडर्न' (२०१६) मला महत्त्वाचं वाटतं ते इथे. कोलटकरांची कविता वाचताना त्या प्रकाशनाची साधनं, छोटे छापखाने, दोन भाषांतली ये-जा हे सगळं पुराव्यासारखं समोर ठेवतात. कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा जो संग्रह उभा राहिला, त्यामागेही त्यांचे श्रम आहेत. मराठी अभ्यासकाला मुंबईच्या कवींसाठी इथाकाला जावं लागतं, याची चुटपुट लागते खरी. पण तिथे निदान कागद एकमेकांशेजारी आहेत. आपल्याकडे मराठीचं कपाट वेगळं, इंग्रजीचं वेगळं. त्यामुळे 'जेजुरी'चा कोलटकर एक आणि 'द्रोण'चा दुसरा, असे दोन कवी आपण सांभाळत बसलो.

इंग्रजी 'जेजुरी' पुस्तकरूपात १९७६ साली क्लिअरिंग हाउसने काढली. मराठी 'जेजुरी' कवी गेल्यावर प्रास प्रकाशनाकडून आली. हिला अनुवाद म्हणायचं का? माझ्या मते नाही. पण हे मत छापील पानांवर बेतलेलं आहे. कुठली ओळ आधी कुठल्या भाषेत सुचली, काय खोडलं, हे खर्डेच सांगतील. त्यातून कोलटकर पेशाने ग्राफिक कलावंत. क्लिअरिंग हाउसच्या पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांनी केली. अशा कवीचं मुखपृष्ठ फाडून कविता ठेवणं म्हणजे मजकुरातलीच पानं गाळणं. (देशोदेशीच्या स्त्रियांच्या आसवांच्या पुस्तकाला 'भिजकी वही' हे नाव देणाऱ्याला अभिलेखागाराची ओल-वाळवीची धास्ती पाहून हसू आलं असतं, असं मला उगीच वाटतं.)

स्कॅनिंग हा यावरचा उपाय म्हणून हल्ली सुचवला जातो. करावंच, पण पडद्यावर सगळे अंक पुन्हा एकाच मापाचे होतात. म्हणून स्कॅन करणाऱ्याने अंकाशेजारी निदान फूटपट्टी ठेवावी, मलपृष्ठावरची किंमत, पत्ता, कुणी पेन्सिलीने केलेली बेरीज, तीही टिपावी. माझ्याकडे दोन-तीन सुटे अंक आहेत. ते मी पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवले आहेत, बांधून घेतलेले नाहीत.