पंप बंद झाला, टाकीचं काय?

रस्त्याकडेच्या जुन्या पेट्रोल पंपांच्या इमारतींचं पुढे काय होतं, यावर प्रस्ताव लिहायला घेतला की एक पुस्तक हमखास हाती येतं: जॉन जेकल आणि कीथ स्कली यांचं 'द गॅस स्टेशन इन अमेरिका' (१९९४). वाचाच. पण वाचून झाल्यावर त्याच्याशी थोडं भांडा. कशावरून, ते सांगते.

आधी त्याची ताकद. तेल कंपन्यांनी नुसतं तेल विकलं नाही; रंग, पाटी, छप्पर, कर्मचाऱ्यांचा गणवेश असं सगळं मिळून अख्खी जागाच वेष्टनासारखी घडवली, हा लेखकांचा मुख्य मुद्दा. त्यावरून त्यांनी इमारतींचे प्रकार पाडलेत: रस्त्याच्या कडेला उभा नुसता पंप, शेड, घरासारखी इमारत, पुढे छत काढलेलं घर, लांबट डबा, आणि पुढे नुसतं छत. शॅम्पेन-अर्बाना या जोडशहरावरचं प्रकरण तर दोनदा वाचा. लहान गावावर काम कसं करायचं, याचा तो चांगला नमुना आहे.

आता भांडण. हे सगळे प्रकार गाडीच्या काचेतून दिसतात तेवढेच आहेत. जमिनीखालची टाकी वर्गवारीत येतच नाही. अमेरिकेत जुन्या टाक्या बदलायची किंवा बंद करायची मुदत डिसेंबर १९९८ मध्ये संपली आणि त्या खर्चापायी कित्येक छोटे पंप उठले. म्हणजे इमारत रिकामी का झाली, याचं एक मोठं कारण जमिनीखाली होतं. पुनर्वापराची गाजलेली उदाहरणंसुद्धा बहुतेक वरवरचीच. टेक्सासमधल्या शॅमरॉकचा १९३६ चा मनोऱ्याचा पंप आता पर्यटक माहिती केंद्र आहे, आणि फोटो सगळे मनोऱ्याचेच! माँट्रियलचं उदाहरण मला जास्त पटतं. मीस व्हॅन डर रोहे यांनी आराखडा केलेला १९६९ चा पंप तिथे आता सामाजिक केंद्र झालाय. जिथे पंप उभे होते तिथे हवा खेळवणारे झोत बसवलेत, आणि ते जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रणेला जोडलेत. तिथे जमिनीचाही विचार झाला.

समजा तुम्ही साकोली–लाखांदूर–वडसा रस्ता अभ्यासाला घेतला. अमेरिकन वर्गवारी लावलीत तर दोन पानांत काम संपेल. एक खोली, एक छत, झालं. आपल्याकडच्या जुन्या पंपांचा खरा बदल कागदावर झालाय. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. त्या कायद्यांत अशी तरतूद होती की जागेचा भाडेपट्टा संपला तरी केंद्र सरकारला हवं असल्यास तो जुन्याच अटींवर वाढेल. जागामालक कोर्टात गेले, काही खटले थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले. त्यामुळे एखादा पंप वर्षानुवर्षं जसाच्या तसा दिसला, तर कारण वास्तुकलेत नाही, भाडेपट्ट्यातही असू शकतं. हे काचेतून कसं दिसणार?

म्हणून प्रश्नावलीत 'इमारतीचा सध्याचा वापर' एवढाच रकाना ठेवू नका. (मार्गदर्शकांना तो आवडतो, कारण तक्ता छान दिसतो.) जागा कुणाची, भाडेपट्टा कधीपर्यंत होता, टाकी उपसून काढली की भरून तिथेच ठेवली, आणि जवळच्या विहिरीचं किंवा हातपंपाचं पाणी कोण पितं, हे विचारा. चहाची टपरी असो की खताचं गोदाम, तिथे रोज बसणाऱ्या माणसाला शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर छपराच्या शैलीपेक्षा जास्त लागतं. धानाच्या पट्ट्यात तर पाण्याचा प्रश्न आधी.

कागदांसाठी फार लांब जायला नको. सातबारा आणि फेरफार तहसीलमध्ये मिळतील. पेट्रोल साठवण्याचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चं, म्हणजे जुन्या स्फोटके विभागाचं, मुख्यालय नागपुरातच आहे. परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो आणि टाक्या त्यात दाखवलेल्या असतात. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना गट नंबर आणि तेव्हाच्या कंपनीचं नाव लिहा. 'जुना पंप' म्हटलं की गावाला कळतं, कार्यालयाला नाही.