कोरडा वारा, पोचट दाणा आणि एक वनगीत

दिमित्री शोस्ताकोविच यांची ‘अरण्यांचे गीत’ ही १९४९ सालची संगीतरचना विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे वाचकांना वाटेल. पण तिची पार्श्वभूमी शेतीची आहे. १९४६ च्या अवर्षणानंतर सोव्हिएत संघात दुष्काळ पडला. ऑक्टोबर १९४८ मध्ये गवताळ प्रदेशात झाडांचे लांबच लांब पट्टे लावण्याची योजना जाहीर झाली. शत्रू होता ‘सुखोवेय’, म्हणजे तिथला उष्ण, कोरडा वारा. रचनेच्या सात भागांपैकी चौथ्यात मुलांचा गायकवृंद झाडे लावण्याचे गाणे गातो. संगीत मधुर आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आमची तक्रार त्यामागच्या चित्राबद्दल आहे. एकीकडे वारा, दुसरीकडे पीक, मध्ये झाडांची भिंत! आपल्या फळ्यावरही हेच चित्र निघते.

प्रत्यक्षात काय घडते? हवा २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर संपृक्त होण्यास सुमारे ९ मिलिबार बाष्पदाब कमी पडतो. ३५ अंश आणि २० टक्के असताना हीच तूट ४५ मिलिबार होते. पानावरची ओढ जवळजवळ पाचपट! त्यात वारा पानालगतचा दमट थर उडवून नेतो. मग मातीत ओल असूनही मुळांचा पुरवठा अपुरा पडतो. पर्णरंध्रे मिटतात, पाणी वाचते. पण पान तापते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. गव्हाचा दाणा चिकात असेल तर स्टार्च भरणे अकाली थांबते. ओंबी उभी दिसते, दाणे मात्र पोचट.

पट्टा वाऱ्याचा वेग कमी करतो. दुरून येणारी तापलेली हवा थंड करत नाही. शिवाय भिंतीइतका दाट पट्टा वाईटच, कारण त्याच्या मागे भोवरे उठतात. थोडा वारा झिरपू देणारा पट्टा उंचीच्या पंधरा-वीस पट अंतरापर्यंत आसरा देतो. दोकुचाएव यांनी १८९२ मध्येच कामेन्नाया स्टेप येथे अशा पट्ट्यांचे प्रयोग सुरू केले होते. तरीही लागवडीत लायसेंको यांची पद्धत आली: एका जातीची झाडे आपसांत स्पर्धा करत नाहीत, म्हणून ओकच्या बिया पुंजक्याने टोकायच्या. बरीच रोपे मेली. १९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर योजनाही गुंडाळली गेली.

गीत मात्र नोव्हेंबर १९४९ मध्येच लेनिनग्राडला गायले गेले. त्या वर्षी पेरलेले ओक तेव्हा गुडघ्याएवढेही नसतील.