77 टक्के, 39 टक्के आणि सेमाडोहचा साग

मेळघाटवर संशोधन करायचं ठरलं, तेव्हा माझ्या आराखड्याचं पहिलंच वाक्य होतं : ‘हवामानबदलामुळे भारतातलं 77 टक्के जंगल नष्ट होणार आहे.’ गाइडनी एवढंच विचारलं, ‘कुठल्या मॉडेलनुसार?’ मला सांगता आलं नाही. तुमची अशी पंचाईत होऊ नये म्हणून हे लिहितोय.

हा आकडा एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या ‘करंट सायन्स’मधल्या निबंधातला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रवींद्रनाथ आधी खेड्यातलं सरपण आणि ऊर्जा यांवर काम करायचे. तिथून ते जंगलातल्या कार्बनकडे आणि हवामानबदलाकडे आले. निबंध म्हणतो, उत्सर्जन जास्त राहिलं तर 2085 पर्यंत 77 टक्के वनचौकोनांत जंगलाचा प्रकार बदलू शकतो, कमी राहिलं तर 68 टक्के. प्रकार बदलणं म्हणजे जंगल नष्ट होणं नव्हे. माझी पहिली चूक ती.

आता 2011 चा निबंध घ्या. पहिलं नाव राजीव कुमार चतुर्वेदींचं, सहलेखकांत रवींद्रनाथ आहेतच. आकडे : 39 आणि 34 टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे! उत्सर्जनाच्या शक्यता त्याच, हवामानाचे अंदाजही हॅडली सेंटरच्याच मॉडेलचे. मुख्य बदल झाला तो वनस्पतींच्या मॉडेलमध्ये. आधीचं ‘बायोम-4’ नव्या हवामानात कुठलं जंगल बसेल तेवढं सांगतं. तिथवर पोचायला लागणारा काळ धरत नाही. नंतरचं ‘आयबिस’ झाडांची वाढ आणि स्पर्धा वर्षानुवर्षं चालवून बघतं.

स्वतःचाच गाजलेला आकडा पुन्हा तपासायला घेणं, ही मला या कारकिर्दीतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. पण नवा आकडा लहान आहे म्हणून तो खरा, असंही नाही.

सेमाडोहला सिपनेच्या काठी उभं राहिलं की अडचण कळते. कोरकूत सिपना म्हणजे साग. हवामानाचा एक चौकोन साधारण 50 किलोमीटरचा. सेमाडोहचा साग, चिखलदऱ्याचं पठार आणि परतवाड्याच्या संत्र्याच्या बागा एकाच चौकोनात मावतील. शिवाय 2006 च्या निबंधाच्या सारांशातच ‘मानवी हस्तक्षेप नसताना’ अशी अट आहे. इथे तर उन्हाळ्यात वणवे लागतात, गुरं चरतात, मोहफुलं वेचली जातात. लेखकांनी अट लपवली नाही. आकडा उचलताना आपणच ती गाळतो.

मॉडेल पडताळायला जमिनीवरची मोजणी लागते. दोन्ही निबंधांचे सहलेखक रामन सुकुमार यांच्या मुदुमलाईतल्या 50 हेक्टरच्या तुकड्यात 1988 पासून झाडं मोजली जाताहेत. झाडावर नंबराची पट्टी ठोकून दरवर्षी परत जाणं कंटाळवाणं आहे, पण कुठलं झाड मेलं नि कुठलं तगलं हे त्यातूनच कळतं.

माझ्या आराखड्याचं पहिलं वाक्य आता प्रश्न आहे : सेमाडोहच्या सागाबद्दल यातलं कुठलं मॉडेल चुकतं, आणि कशामुळे? तुमच्या आराखड्यात टक्केवारी असेल, तर तिच्यामागचं मॉडेल आणि अट आज शोधून ठेवा.