वृंदगान आणि झीलकऱ्याचा स्वर

कलकत्ता यूथ क्वायरच्या आजवरच्या कार्यक्रमांविषयी बोलताना रसिक बहुधा गाण्यांची नावे आठवतात आणि कंठांची गोडी वाखाणतात. परंतु या वृंदाने उभा केलेला प्रश्न गोडीचा नव्हे. अनेकांनी मिळून गाणे म्हणजे एकाचेच गाणे मोठ्याने म्हणणे काय, असा तो प्रश्न आहे.

1958 मध्ये रुमा गुहा ठाकुरता यांनी सलिल चौधरी आणि सत्यजित राय यांच्या साहाय्याने हा वृंद स्थापिला. त्यामागे 1943 साली मुंबईस जन्मलेल्या ‘इप्टा’ची परंपरा होती. आपले अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे हेही त्याच चळवळीतले. तथापि मराठी पोवाड्याची घडण निराळी. तेथे शाहीर कथा पुढे नेतो आणि झीलकरी त्याला उचलून धरतात. गर्जना अनेकांची असली तरी वाणी एकाचीच असते. सलिल चौधरींनी पाश्चात्त्य स्वरमेळाच्या आधारे जणू झीलकऱ्यालाच स्वतःची चाल दिली.

रागसंगीतात मुरलेल्या कानाला हा स्वरमेळ उपरा वाटतो, आणि ही तक्रार अगदीच निराधार नाही. तो केवळ नटविण्यासाठी आला की शब्द बुडतो. परंतु 1946 च्या संपाच्या काळात सलिलदांनी रचलेल्या ‘ढेउ उठछे’सारख्या गीताला रस्त्यावर जमावाचा आधार होता. तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांपुढे तो जमाव कोठून आणावा? एकमेकांना भिडणारे निरनिराळे स्वरच ती उणीव भरून काढू शकतात.

भूपेन हजारिकांचे गंगेला जाब विचारणारे गीत तर समूहाच्या कंठी जाताच पालटते. एकट्या गायकाच्या तोंडी ती सदसद्विवेकाची व्यथा वाटते. तोच प्रश्न सारे मिळून विचारू लागले म्हणजे मनात येते, याचे उत्तर द्यावयाचे ते आपणच नव्हे काय? वृंदाचे खरे यश मला या अस्वस्थतेत दिसते.

1974 साली कोपनहेगनच्या युवक महोत्सवात मिळालेले पहिले पारितोषिक ही कौशल्याची पावती होय. 2019 मध्ये रुमाताई गेल्या. त्यांच्यामागे वृंदगान करू पाहणाऱ्यांनी स्वतःस एवढेच विचारावे: आमच्या गाण्यात झीलकऱ्याला स्वतःचे काही म्हणावयास मिळते काय?